देवाच्या घराचा धनी कोण?

मनुष्य स्वतःसाठी घर बांधतो तेव्हा त्यावर आपले नाव लावतो; देवासाठी घर बांधतो तेव्हा देवाचे नाव लावतो. पहिल्या घराविषयी तंटा झाला तर तो सोडविण्याची रीत ठरलेली आहे. कागदपत्र पाहावे, साक्षीपुरावा घ्यावा, कब्जा कोणाचा व किती वर्षांचा हे तपासावे आणि न्यायाधीशाने निवाडा द्यावा. दुसऱ्या घराची गोष्ट निराळी आहे. बांधणाऱ्यानेच ते देवाला अर्पण केलेले असते. अर्थात त्याच क्षणी त्याने त्यावरील आपला हक्क सोडलेला असतो. मग त्याच्या पुत्रपौत्रांनी 'हे आमचे' असे कोणत्या आधारावर म्हणावे? आणि ज्याने ते त्यांच्यापासून हिरावून घेतले त्याने तरी कोणत्या आधारावर म्हणावे?

हा प्रश्न पुष्कळ वर्षे मी वादसभेत चघळण्याच्या प्रश्नांपैकी एक समजत होतो. पुढे स्पेन देशाच्या दक्षिण भागातील कॉर्दोबा नगरात दोन दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथील एका लहानशा प्रसंगाने तो माझा स्वतःचा प्रश्न झाला. तो प्रसंग व त्यावरून सुचलेले विचार वाचकांपुढे ठेवतो.

माझा भाचा नोकरीनिमित्त माद्रिद येथे असतो. तेथून कॉर्दोबा आगगाडीने दोन तासांच्या आत येते. एका रविवारी तो मला घेऊन निघाला. नगराच्या दक्षिणेस ग्वादलकिविर नदी वाहते. तिच्यावरील जुना पूल मूळचा रोमन लोकांचा. पुढे अनेक वेळा दुरुस्त झालेला. नदीचे नाव मात्र अरबी आहे आणि त्याचा अर्थ 'मोठी नदी' असा होतो. पूल एकाचा, नदीचे नाव दुसऱ्याचे, आणि काठावर आज बोलली जाणारी भाषा तिसऱ्याची. नगराची सारी कथा पहिल्या दर्शनातच अशी सांगून होते. पुलावर उभे राहून पाहिले म्हणजे समोर पिवळसर दगडाची बुटकी, लांबच लांब तटासारखी भिंत दिसते, आणि तिच्यामागून वर आलेले एक उंच घंटाघर दिसते. ही भिंत मशिदीची, आणि घंटाघर ख्रिस्ती महामंदिराचे. दोन्ही मिळून वास्तू एकच आहे.

तिचा इतिहास थोडक्यात असा. आठव्या शतकाच्या मध्यास दमास्कस येथील उमय्या घराण्याची सत्ता उलथली आणि त्या घराण्याची कत्तल झाली. त्यातून निसटलेला अब्दुर्रहमान नावाचा एक तरुण राजपुत्र भटकत भटकत स्पेनमध्ये आला व ७५६ मध्ये कॉर्दोबाचा अमीर झाला. त्याने ७८५ च्या सुमारास या मशिदीचे काम सुरू केले. त्या जागेवर पूर्वी संत व्हिन्सेंत याच्या नावाचे ख्रिस्ती देवालय होते, काही काळ दोन्ही धर्मांचे लोक ती जागा वाटून घेत होते, आणि अखेर अमीराने ख्रिस्ती लोकांचा वाटा मोल देऊन घेतला, अशी परंपरा पुढील काळातील अरबी लेखकांनी नोंदविली आहे. जमिनीखाली सापडलेल्या अवशेषांचा अर्थ कसा लावावा याविषयी विद्वानांत आजही एकवाक्यता नाही. पुढील दोनशे वर्षांत त्याच्या वारसांनी मशीद तीन वेळा वाढविली. १२३६ मध्ये कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो याने नगर जिंकले आणि मशिदीत ख्रिस्ती पूजाविधी सुरू झाला. तेव्हापासून आजतागायत तेथे ख्रिस्ती उपासनाच चालू आहे.

आत पाऊल ठेवले म्हणजे प्रथम डोळ्यांना अंधार भासतो, आणि मग हळूहळू खांब दिसू लागतात. साडेआठशेहून अधिक खांब आज उभे आहेत. त्यांपैकी पुष्कळसे रोमन व गॉथ लोकांच्या पडक्या इमारतींतून आणलेले; कोणाचा दगड काळसर, कोणाचा गुलाबी, कोणाचा माथा नक्षीदार तर कोणाचा साधा. हे खांब आखूड होते, म्हणून छप्पर उंच नेण्यासाठी कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढविली आणि त्या दोन्ही कमानी तांबड्या विटांच्या व फिकट दगडांच्या आलटून पालटून पट्ट्यांनी रचल्या. त्यामुळे खजुरीच्या बनात शिरल्यासारखे वाटते. दक्षिणेकडील भिंतीत मिहराब आहे. प्रार्थनेची दिशा दाखविणारा हा कोनाडा म्हणजे मशिदीचे हृदयच म्हणावयाचे. दहाव्या शतकात खलीफ दुसरा हकम याने तो बांधविला. त्याच्या सजावटीसाठी बायझन्टाइन सम्राटाने आपला कुशल कारागीर आणि काचेच्या सोनेरी तुकड्यांचा मोठा साठा पाठविला, असे अरबी इतिहासात नमूद आहे. मशिदीतील सर्वांत पवित्र स्थान अशा रीतीने एका ख्रिस्ती राजाच्या देणगीने उजळले. उलट, नगर ख्रिस्ती झाल्यावर वास्तूच्या दुरुस्तीचे काम मुसलमान गवंडी व सुतार यांच्याच हातून करून घेतले जात असे. चौदाव्या शतकातील राजकुलाच्या प्रार्थनाघराच्या भिंतींवर त्यांच्या परंपरेतील वेलबुट्टी आजही पाहावयास मिळते.

आता तो प्रसंग सांगतो. वास्तूला लागून संत्र्यांच्या झाडांचे विस्तीर्ण अंगण आहे. पूर्वी नमाजापूर्वी हातपाय धुण्याची सोय तेथे होती. अंगणाच्या कडेस घंटाघर उभे आहे. अब्दुर्रहमान तिसरा याने दहाव्या शतकात बांधलेला मिनार पाडून न टाकता सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्याभोवतीच नवे बांधकाम चढविण्यात आले; मिनार अजून घंटाघराच्या पोटात आहे. तेथे झाडाच्या सावलीत आमचा वाटाड्या एक जुनी कथा सांगू लागला.

९९७ मध्ये कॉर्दोबाचा सर्वसत्ताधारी वजीर अल्-मन्सूर याने उत्तरेस स्वारी करून सांतियागो हे ख्रिस्ती लोकांचे थोर यात्रास्थान लुटले. तेथील देवालयाच्या घंटा त्याने उतरविल्या व ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून शेकडो मैल दूर कॉर्दोबास आणविल्या. त्या उलट्या टांगून मशिदीत दिवे लावण्यासाठी वापरल्या गेल्या. पुढे १२३६ मध्ये फर्नांदो राजाने नगर घेतले तेव्हा त्याने त्या घंटा हुडकून काढल्या आणि मुसलमान बंदिवानांच्या खांद्यांवरून पुन्हा सांतियागोस पोहोचत्या केल्या. त्या काळचे वृत्तांतलेखक ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगतात.

कथा संपली तशी ऐकणाऱ्यांपैकी काही जण हसले. माझा भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, फिट्टंफाट झाली!"

मीही हसलो होतो. कथेचा पहिला भाग ऐकताना माझ्या मनात चीड उत्पन्न झाली होती आणि दुसरा भाग ऐकताना एक प्रकारचे समाधान वाटले होते. हिशेब चुकता झाल्यावर सावकाराला वाटते तसे. परंतु क्षणभराने माझे मलाच नवल वाटले. त्या दोन पक्षांपैकी माझा पक्ष कोणता होता? मी ना सांतियागोचा यात्रेकरू, ना कॉर्दोबाचा नमाजी. ज्या सूडाशी माझा काडीचाही संबंध नव्हता, तो पुरा झाला म्हणून माझे मन संतुष्ट झाले होते. मग जेथे माझा पक्ष आहे तेथे या मनाची काय अवस्था होत असेल? दुरून पाहण्याचा हा एक लाभ आहे. घरच्या तंट्यात आपला सूड न्यायाचे वस्त्र पांघरून येतो आणि ओळखू येत नाही. परक्या नगरात त्याला ते वस्त्र मिळत नाही, म्हणून तो उघडा दिसतो.

त्या रात्री निवासस्थानी बसून मी भाच्याच्या त्या एका शब्दाचा विचार करू लागलो. फिट्टंफाट म्हणजे देणेघेणे बरोबर झाले, कोणाकडे काही उरले नाही. पण खरोखर काय बरोबर झाले? ९९७ आणि १२३६ यांत २३९ वर्षांचे अंतर आहे. पिढी तीस वर्षांची धरली तर जवळजवळ आठ पिढ्या. ज्यांनी सांतियागो लुटले ते केव्हाच मातीला मिळाले होते, आणि ज्यांनी पहिल्यांदा घंटांचे ओझे वाहिले तेही. दुसऱ्यांदा ज्यांच्या खांद्यावर ते ओझे ठेवले गेले त्यांनी सांतियागो डोळ्यांनीसुद्धा पाहिले नसेल. ऋण फिटते तेव्हा देणारा ऋणको असतो आणि घेणारा धनको असतो. येथे ऋणको मेलेला, धनको मेलेला. वसुली झाली ती तिसऱ्याकडून, आणि ती घेतली चौथ्याने. याला फेड म्हणता येत नाही. हे दुसरे नवे कर्ज झाले. पहिल्या बंदिवानांच्या खांद्यांवरचे वळ दुसऱ्या बंदिवानांच्या खांद्यांवर वळ उठल्याने पुसले गेले नाहीत. जगात एका अन्यायाच्या ठिकाणी दोन झाले, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, घंटा तर मूळ जागी गेल्या. निदान तेवढा न्याय झाला की नाही? झाला, हे मान्य केले पाहिजे. लुटलेली वस्तू परत करणे हे योग्यच. तीच घंटा बैलगाडीतून परत पाठविली असती तर त्या कृत्यात न्यायच न्याय उरला असता. परंतु माणसांच्या खांद्यांवर ती चढविली ती घंटेसाठी नव्हे, तर अपमान परत करण्यासाठी. न्यायात सूड मिसळला आहे किंवा नाही हे ओळखण्याची खूण येथे मिळते. वस्तू परत मिळविण्यास जेवढे आवश्यक त्याहून अधिक जे काही आपण करतो, ते सारे सूडाच्या खात्यावर पडते.

वारशाने अपराध येतो काय, या प्रश्नाचे आणखी एक विलक्षण उदाहरण याच नगराने माझ्यापुढे ठेवले. अरिस्टॉटलच्या ग्रंथांचा थोर भाष्यकार इब्न रुश्द, ज्याला युरोप अव्हेरोझ या नावाने ओळखतो, तो कॉर्दोबाचाच. त्याचे आजोबाही त्याच नावाचे मोठे धर्मशास्त्री व कॉर्दोबाचे काझी होते. येथील काही ख्रिस्ती प्रजेने शत्रुराजाला साहाय्य केले म्हणून ११२६ मध्ये आजोबांनी सुलतानास सल्ला दिला, आणि त्यावरून असंख्य ख्रिस्ती कुटुंबे घरादारांतून उठवून समुद्रापार मोरोक्कोत नेण्यात आली. त्याच वर्षी नातवाचा जन्म झाला. नातू पुढे स्वतः कॉर्दोबाचा काझी, राजवैद्य आणि तत्त्वज्ञ झाला. आणि ११९५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्याच्या तत्त्वज्ञानावर रोष होऊन त्याचे ग्रंथ जाळण्यात आले व त्याला लुसेना या गावी हद्दपार करण्यात आले. कोणी सहज म्हणेल की, आजोबांनी लोकांना देशोधडीस लावले त्याचे फळ नातवाने भोगले. असे म्हणण्याचा मोह मलाही झाला. परंतु हा तोच घंटेचा हिशेब नव्हे काय? आजोबांचे कृत्य आजोबांबरोबर गेले. नातवाने जे भोगले ते त्याच्या काळातील लोकांच्या संकुचित बुद्धीमुळे भोगले. त्या लोकांना 'हे पूर्वीचे फळ आहे' असे म्हणून निर्दोष ठरविणे म्हणजे आजच्या अन्यायाला कालच्या अन्यायाची ढाल देणे होय.

दुसरा थोर पुरुष मोशे बेन मैमोन, अर्थात मायमोनिदिस. ज्यू धर्मशास्त्राचा हा महान आचार्य कॉर्दोबातच बाराव्या शतकात जन्मला. ११४८ मध्ये अल्मोहद सत्ता आली, तिने ज्यू व ख्रिस्ती यांना पूर्वीचे संरक्षण नाकारले, आणि त्याच्या कुटुंबाला नगर सोडावे लागले. तो शेवटी इजिप्तमध्ये स्थायिक झाला व तेथे दरबारचा वैद्य म्हणून प्रसिद्धीस आला. आपला प्रमुख तत्त्वज्ञानग्रंथ त्याने अरबी भाषेत लिहिला. इकडे इब्न रुश्दचे जे ग्रंथ मूळ अरबीत नष्ट झाले, त्यांपैकी पुष्कळ हिब्रू व लॅटिन भाषांतरांच्या रूपाने टिकले. ज्याला स्वकीयांनी जाळले त्याला परकीयांनी सांभाळले. आज याच नगरात या दोघांचेही पुतळे आहेत. १९६० च्या दशकात ते उभारले गेले. नगर ज्यांना जिवंतपणी ठेवू शकले नाही, त्यांच्या मूर्तींपुढे आता प्रवासी छायाचित्रे काढतात. मायमोनिदिसच्या पुतळ्याचा पाय हात लावून लावून गुळगुळीत झाला आहे.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, कॉर्दोबाविषयी दोन सोप्या कथा प्रचलित आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. एक कथा म्हणते की येथे तीन धर्म शतकानुशतके प्रेमाने नांदले. तसे असते तर नवव्या शतकाच्या मध्यास इस्लामची उघड निंदा केली म्हणून येथे अनेक ख्रिस्ती देहान्त शिक्षेस पात्र झाले नसते. १३९१ मध्ये ज्यू वस्तीवर हल्ले झाले नसते. १४९२ मध्ये ज्यूंना आणि १६०९ पासून पुढे बाटविलेल्या मुसलमानांच्या वंशजांना स्पेन सोडावा लागला नसता. दुसरी कथा म्हणते की येथे केवळ वैर होते. तसे असते तर सम्राटाची काच मिहराबात बसली नसती आणि इब्न रुश्द हिब्रूत वाचला गेला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण कोणती पुढे न्यावयाची हे मात्र प्रत्येक पिढीने स्वतः ठरवावयाचे असते.

असे ठरविण्याची एक घटका या वास्तूच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १२३६ नंतर जवळजवळ तीन शतके ख्रिस्ती उपासना मशिदीच्या मूळ रचनेला फारसा धक्का न लावता चालली होती. १५२३ मध्ये येथील बिशपने ठरविले की खांबांच्या मध्यभागी मोठे, उंच महामंदिर उभारावे. त्यासाठी मधला भाग पाडणे आवश्यक होते. तेव्हा विरोध कोणी केला? नगरात मुसलमान सत्ता राहिली नव्हती. विरोध केला तो ख्रिस्ती नगरसभेने. राजाचा निर्णय येईपर्यंत जो कारागीर पाडकामास हात लावील त्याला मृत्युदंड होईल, असे तिने जाहीर केले. अशी वास्तू एकदा पाडली की पुन्हा उभी होणार नाही, अशी तिची भूमिका होती. बिशपने विरोधकांना धर्मबाह्य ठरविले. प्रकरण राजा पाचवा चार्ल्स याच्याकडे गेले आणि त्याने बिशपच्या बाजूने अनुज्ञा दिली. पुढे प्रत्यक्ष काम पाहिल्यावर आपण दिलेल्या अनुज्ञेचा त्याला पश्चात्ताप झाला, अशी कथा सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, याच राजाने ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आवारात स्वतःसाठी नवा प्रासाद मात्र उभारविला. दुसऱ्याच्या हातून झालेली चूक डोळ्यांत भरते. आपल्या हातून होणारी तशीच चूक आपल्याला वैभव वाटते.

तथापि येथे निवाडा घाईने करून चालत नाही. कॉर्दोबातील इतर असंख्य मशिदी काळाच्या उदरात गडप झाल्या. ही एकच टिकली, आणि ती टिकण्याचे मोठे कारण हेच की ती उपासनेचे स्थान म्हणून चालू राहिली. तिची डागडुजी होत राहिली. ज्या कृत्याने तिच्या मध्यभागी जखम केली, त्याच परंपरेने उरलेले शरीर जगविले. मी त्या महामंदिराच्या उंच घुमटाखाली उभा राहिलो तेव्हा तेही सुंदर आहे हे मला कबूल करावे लागले. पिता, पुत्र व नातू अशा तीन पिढ्यांच्या वास्तुकारांनी तेथे आपले आयुष्य वेचले आहे. त्यांची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्या श्रद्धेला जागा मात्र दुसऱ्याची श्रद्धा मोडून मिळाली, एवढेच शल्य राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा संत्र्यांच्या अंगणात बसलो असता भाच्याने विचारले, "मामा, मग ही वास्तू खरोखर कोणाची? तुम्ही न्यायाधीश असता तर कोणाला दिली असती?" त्याने सांगितले की २००६ मध्ये चर्चने ही वास्तू सरकारी दप्तरात रीतसर आपल्या नावे नोंदविली, त्यावरून स्पेनमध्ये मोठा वाद झाला. ही वास्तू सार्वजनिक असावी असे अनेकांचे म्हणणे आहे. मुसलमानांनी येथे नमाज पढण्याची परवानगी मागितली, ती मिळालेली नाही. तिला केवळ महामंदिर म्हणावे की मशीद-महामंदिर म्हणावे, यावरही शब्दांची लढाई झाली.

मी त्याला म्हटले, "कायद्याचा निवाडा तेथील न्यायालये करोत. मला विचारशील तर आरंभी सांगितले तेच सांगेन. देवाला दिलेल्या घराला मनुष्यांत धनी नसतो, राखणदार असतो." तो लगेच म्हणाला, "हे बोलणे ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला फार सोयीचे आहे. किल्ली खिशात ठेवून तो म्हणेल, देवाचेच आहे, भांडता कशाला?"

त्याचा आक्षेप मला निरुत्तर करणारा होता, आणि त्यावर विचार केल्यानेच मला या प्रश्नातील खरी गोम कळली असे वाटते. ममत्व सोडण्याचा उपदेश कोणी कोणाला करावयाचा? ज्याचे गेले आहे त्याला 'तुझे काही नव्हतेच' असे सांगणे हा वैराग्याचा उपदेश होत नाही. तो जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार होतो. त्याग करण्यासाठी हाती काही असावे लागते. म्हणून ममत्व सोडण्याचे कर्तव्य प्रथम त्याचे, ज्याच्या हाती वस्तू आहे. राखणदार आणि धनी यांच्या वृत्तीत भेद कोठे दिसतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. धनी आपल्या आधीच्यांचे नाव पुसतो, राखणदार ते सांगतो. धनी आपल्याला आवडेल तेवढे सांभाळतो, राखणदार परक्याची अक्षरेही तितक्याच काळजीने जपतो. धनी दार आपल्या मर्जीने उघडतो. राखणदाराला दार बंद ठेवावे लागलेच, तर त्याचे त्याला ओझे वाटते. आज ज्यांच्या हाती किल्ली आहे त्यांनी या तीन गोष्टींवर स्वतःची परीक्षा घ्यावी. उद्या ती किल्ली दुसऱ्यांच्या हाती गेली, तर त्यांचीही परीक्षा हीच.

आणि ज्याचे गेले आहे त्याचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे. त्याने आठवण जपावी. ती विसरण्याची सक्ती कोणी करू नये. त्याने मागणीही करावी, कारण योग्य ते मागणे हा अपराध नव्हे. फक्त वसुली करताना खांदा कोणाचा, हे त्याने पाहावे. ज्याने लुटले नाही त्याच्या खांद्यावर घंटा चढवू नये.

माझ्या या विवेचनाने भाच्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "चला, आणखी एक ठिकाण दाखवितो." जुन्या ज्यू वस्तीच्या अरुंद गल्लीत त्याने मला एका लहानशा प्रार्थनागृहात नेले. हे १३१५ मध्ये बांधलेले. आकाराने आपल्याकडील एखाद्या वाड्याच्या माजघराएवढे. १४९२ मध्ये ज्यू लोक गेले. मग येथे पिसाळलेल्या जनावरांचा दंश झालेल्या रुग्णांचे इस्पितळ झाले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चर्मकार कारागिरांच्या संघाचे ख्रिस्ती प्रार्थनास्थान झाले. भिंतींवर गिलावा होता. तीनशे वर्षे ते कारागीर आपल्या संताची प्रार्थना करीत राहिले, आणि त्यांच्या पाठीशी गिलाव्याखाली हिब्रू अक्षरे तशीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिलावा निघाला तेव्हा ती बाहेर आली, आणि १८८५ मध्ये ती वास्तू राष्ट्रीय स्मारक ठरली.

त्या खोलीत फार थोडे लोक होते. कोणी काही बोलत नव्हते. मी भिंतीवरील ती न समजणारी अक्षरे पाहत उभा राहिलो. मला त्या चर्मकारांची आठवण झाली. दिवसभर जोडे शिवून ते येथे येत असतील, रोग्याच्या बऱ्या होण्यासाठी, लेकीच्या लग्नासाठी, पावसासाठी काही मागत असतील. आपल्या मागे भिंतीत दुसऱ्यांची प्रार्थना बसविलेली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या दोन्ही प्रार्थना जेथे पोहोचावयाच्या होत्या तेथे त्यांची सरमिसळ झाली म्हणून काही अडले असेल असे मला वाटत नाही.

परत आल्यावर काही काळाने, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, एका रात्री कॉर्दोबाच्या त्या महावास्तूला आग लागल्याची वार्ता वाचली. आग एका बाजूच्या प्रार्थनाघराकडे लागली होती. अग्निशामक दलाने ती थोड्याच वेळात आटोक्यात आणली व वास्तूचा बहुतेक भाग बचावला. मी घाईघाईने भाच्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, "मामा, आमच्या कचेरीत ख्रिस्ती आहेत, मोरोक्कोचे मुसलमान आहेत, काही कोणालाच न मानणारे आहेत. काल रात्री सगळे एकमेकांना तेच विचारीत होते, वाचली ना?"

त्या एका रात्री तिचा धनी कोण हे कोणी विचारले नाही. सगळे राखणदार झाले होते.